खरखरीत अक्षरे

आमच्या गावात तीन माँटेसऱ्या आहेत. एक बसस्थानकामागे, एक पेठेत आणि तिसरी नव्या वसाहतीत. तिन्हींच्या फाटकांवर फुग्यांची चित्रे आहेत आणि तिन्हींत तीन-साडेतीन वर्षांची मुले गळ्यात टाय बांधून, बाकांवर बसून ए-बी-सी-डी घोकतात. लहानपणी मला वाटे, माँटेसरी हा बालवाडीला असलेला इंग्रजी शब्द आहे. तो शब्द इंग्रजी नाही आणि ते एका इटालियन बाईंचे आडनाव आहे, हे मला बारावीत असताना कळले. या बाईंनी आपली पहिली साधने ज्या मुलांवर पारखली ती टाय बांधणारी नव्हती, शाळेने आणि समाजाने टाकून दिलेली होती, हे तर त्याहूनही उशिरा, आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसून कळले.

मी या चरित्राकडे वळले त्याला कारण माझा धाकटा भाऊ. तो चौथीत असताना अफजलखानाच्या वधाची गोष्ट ऐकून ऐकून अशी रंगवून सांगे की घरी आलेले पाहुणे थक्क होत; पण पुस्तक उघडले की त्याला दोन ओळी धड वाचता येत नसत. दुसऱ्या वेलांटीशी त्याचे फारसे वैर नव्हते, पण पहिल्या वेलांटीने त्याला रडकुंडीला आणले होते. विचार केला तर त्याचे चुकत नव्हते. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची अक्षराच्या नंतर, हा आपल्या लिपीचा न्याय त्याला कोणी समजावूनच सांगितला नव्हता. शाळेतल्या एका शिक्षकांनी तो आळशी आहे असे सांगितले, दुसऱ्यांनी मंद आहे असे सांगितले, आणि आमच्या घरी दोन्ही खरे मानले गेले. मग मे महिन्यात बालवाडी चालवणारी माझी मावशी एक पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यात पुठ्ठ्याचे तुकडे होते आणि प्रत्येक तुकड्यावर सुताराच्या पॉलिशपेपरातून कापलेले एकेक अक्षर चिकटवलेले होते. या अक्षरांचा शोध कोणी लावला असे मी मावशीला विचारले, तेव्हा तिने माँटेसरीबाईंचे नाव सांगितले. हा लेख त्या नावाचा माग आहे.

मारिया माँटेसरी यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील आंकोना प्रांतात, कियारावाल्ले या लहानशा गावी झाला. वडील आलेसांद्रो सरकारी नोकरीत, जुन्या वळणाचे. आई रेनिल्दे वाचनाची आवड असलेली आणि मुलीच्या पाठीशी उभी राहणारी. मारिया पाच वर्षांची असताना कुटुंब रोमला आले. मुलींनी फार तर शिक्षिका व्हावे असे मानण्याचा तो काळ. या मुलीने मात्र तेराव्या वर्षी तांत्रिक शाळेत नाव घातले, कारण तिला इंजिनिअर व्हायचे होते. पुढे तिने बेत बदलला आणि डॉक्टर व्हायचे ठरवले. वडिलांच्या दृष्टीने ही आगीतून फुफाट्यात उडी होती. १८९० साली ती रोमच्या विद्यापीठात दाखल झाली, आधी निसर्गविज्ञाने शिकली आणि मग वैद्यकाच्या वर्गात गेली. पुरुष विद्यार्थ्यांबरोबर एका स्त्रीने शवविच्छेदन करणे अशिष्ट मानले जाई. म्हणून बाकीचे विद्यार्थी घरी गेल्यावर, संध्याकाळी, एकटीने प्रेतांच्या सोबतीत तिला ते काम करावे लागे. १८९६ साली ती डॉक्टर झाली. इटलीतील पहिली स्त्री डॉक्टर असा तिचा उल्लेख पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो खरा नाही. तिच्या आधीही काही स्त्रियांनी ही पदवी मिळवली होती. पण पहिलेपणाचा मान काढून घेतल्याने त्या एकाकी संध्याकाळींची किंमत कमी होते असे मला वाटत नाही. त्याच वर्षी बर्लिनच्या महिला परिषदेत इटलीची प्रतिनिधी म्हणून ती बोलली, आणि तिचा विषय होता कष्टकरी स्त्रियांना समान वेतन.

पदवीनंतर विद्यापीठाच्या मनोरुग्ण विभागात काम करताना डॉ. माँटेसरी रोममधील वेड्यांच्या इस्पितळांत जात. तिथे प्रौढ वेड्यांबरोबरच मुलेही ठेवलेली असत. त्यांतली काही मतिमंद होती आणि काही नुसतीच मागे पडलेली. त्या काळी हा भेद कोणी फारसा करत नसे. अशाच एका ओक्याबोक्या खोलीतील मुलांविषयी एक हकीगत सांगितली जाते. जेवण झाल्यावर ती मुले जमिनीवर सांडलेले पावाचे कण वेचत बसत. त्यांची देखभाल करणाऱ्या बाईला ते किळसवाणे वाटे. माँटेसरींनी नीट पाहिले, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की मुले ते कण नुसती खात नाहीत, बोटांनी चिवडतात, त्यांच्याशी खेळतात. त्या खोलीत हाताला लागेल अशी दुसरी एकही वस्तू नव्हती. मुलांची बुद्धी भुकेली होती आणि ती हातांच्या वाटेने अन्न शोधत होती.

इथून त्या दोन फ्रेंच वैद्यांपर्यंत पोहोचल्या. पहिले झाँ इतार. दक्षिण फ्रान्समधील आव्हेरोंच्या रानात सापडलेल्या एका रानटी मुलाला १८०० साली पॅरिसला आणले गेले. इतार यांनी त्याचे नाव व्हिक्टर ठेवले आणि काही वर्षे त्याला शिकवण्याची खटपट केली. व्हिक्टर बोलायला जवळजवळ शिकलाच नाही. मात्र सुट्या अक्षरांतून दूध या अर्थाचा फ्रेंच शब्द जुळवायला तो शिकला, आणि एकदा दुसऱ्याच्या घरी जाताना ती चार अक्षरे आपण होऊन बरोबर घेऊन गेला आणि तिथल्या मेजावर मांडून त्याने दूध मागितले. दुसरे एदुआर सेगाँ, हे इतारांचे शिष्य. त्यांनी मतिमंद मुलांसाठी खुंट्या, पाट्या, गुंड्या, भोकांत बसणारे आकार अशी साधने तयार केली आणि शिकवण्याची तीन पायऱ्यांची रीत बसवली. प्रथम वस्तू दाखवून नाव सांगायचे, मग नाव सांगून वस्तू मागायची, आणि शेवटी वस्तू दाखवून नाव विचारायचे. मावशी माझ्या भावाला अक्षरे याच क्रमाने शिकवत होती. तिने सेगाँ यांचे नावही ऐकले नव्हते.

१८९८ साली तुरिन येथील शिक्षण परिषदेत माँटेसरींनी एक मत मांडले, त्याने खळबळ उडाली. अशा मुलांचा प्रश्न मुख्यतः वैद्यकाचा नसून शिक्षणाचा आहे, असे एक डॉक्टर भर परिषदेत सांगत होती! १९०० साली रोममध्ये अशा मुलांच्या शिक्षकांना शिकवणारी संस्था निघाली आणि तिला जोडून मुलांचा वर्गही सुरू झाला. माँटेसरी तिच्या संचालकांपैकी एक होत्या. सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत त्या स्वतः मुलांत बसत आणि रात्री टिपणे काढत.

या काळातील एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. अकरा वर्षांची एक मुलगी होती. हातात बळ होते, पण कितीही दाखवले तरी तिला साधा रफूचा टाका घालता येईना. माँटेसरींनी सुई बाजूला ठेवली आणि तिला कागदी पट्ट्यांची चटई विणायला दिली. उभ्या पट्ट्यांतून आडवी पट्टी एकदा वरून, एकदा खालून न्यायची. मुलगी त्यात रमली. काही दिवसांनी पुन्हा सुई हातात दिली, तर ती सरळ रफू करू लागली. हाताला ती हालचाल आधी वेगळ्या रूपात घडली होती, आता फक्त तिला कामाला लावायचे होते. म्हणजे जी गोष्ट जमत नाही तीच पुन्हा पुन्हा करायला लावण्यात अर्थ नाही. तिच्या पोटातली छोटी हालचाल शोधून ती खेळासारखी द्यायची. माझ्या भावाला न जमणारा शब्द वहीत पन्नास वेळा लिहायला लावला जाई. पन्नासाव्या वेळी तो पहिल्या वेळेपेक्षा अधिक चुकलेला असे.

लिहिण्यालाही त्यांनी हीच युक्ती लावली. लाकडातून वळणदार अक्षरे कोरून घेतली; लहान अक्षरे आठ सेंटिमीटर उंचीची, स्वर तांबडे, व्यंजने निळी. मुलाने बोटाने अक्षर लिहिण्याच्या दिशेने गिरवायचे आणि त्याच वेळी त्याचा ध्वनी उच्चारायचा. डोळा, कान आणि हात तिघे एकाच वेळी कामाला लागले, म्हणजे एक थकला तर दुसरा सावरून घेतो. ही मुले लिहा-वाचायला शिकली, आणि त्यांतली काही सर्वसाधारण मुलांच्या परीक्षेला बसून उत्तीर्ण झाली. लोकांनी चमत्कार म्हटले. माँटेसरींना मात्र वेगळाच प्रश्न पडला. आपली मागासलेली मुले जर धडधाकट मुलांच्या बरोबरीला येतात, तर धडधाकट मुलांना शाळेत असे काय केले जाते की ती इतकीच पुढे जातात?

इथे त्यांच्या आयुष्यातला एक नाजूक भाग येतो, आणि तो गाळणे मला बरे वाटत नाही. संस्थेतील त्यांचे सहकारी डॉ. जुझेप्पे माँतेसानो यांच्यापासून त्यांना १८९८ साली मुलगा झाला, मारिओ. विवाह झाला नाही. त्या काळी अशा स्त्रीचे सारे सार्वजनिक आयुष्य संपले असते. मूल गुप्तपणे खेड्यात एका दाईकडे वाढवायला दिले गेले. १९०१ साली माँतेसानो यांनी दुसऱ्या स्त्रीशी लग्न केले आणि माँटेसरींनी ती संस्था सोडली. जगभरच्या आयांना मूल कसे ओळखावे हे सांगणारी ही स्त्री स्वतःच्या मुलाला भेटायला पाहुणी म्हणून जात होती. आपल्या आईच्या निधनानंतरच, मारिओ पंधरा वर्षांचा होत असताना, त्यांनी त्याला आपल्याकडे आणले. पुढेही कित्येक वर्षे त्याची ओळख पुतण्या किंवा दत्तक मुलगा अशीच करून दिली जाई. यात दोष त्यांचा किती आणि काळाचा किती हे ठरवायला मी कोण? पण संस्था सोडल्यावर त्या पुन्हा विद्यार्थिनी होऊन तत्त्वज्ञान शिकायला बसल्या, आणि इतार व सेगाँ यांची पुस्तके इटालियनमध्ये भाषांतर करून, प्रत्येक शब्द तोलावा म्हणून, आरंभापासून शेवटपर्यंत स्वहस्ते लिहून काढली. जुन्या काळी मठातले साधू पोथ्या उतरवत तशी. ते वाचताना ही नुसती अभ्यासाची शिस्त नसावी, असे माझ्या मनात आल्याशिवाय राहिले नाही.

पुढचा भाग प्रसिद्ध आहे, म्हणून थोडक्यात सांगते. रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत एका कंपनीने मजुरांसाठी इमारती दुरुस्त केल्या. आईबाप कामावर गेले की लहान मुले जिने आणि भिंती खराब करत. त्यांना एका खोलीत गुंतवून ठेवावे, एवढाच मालकांचा हेतू होता. ६ जानेवारी १९०७ रोजी तिथे पन्नासहून अधिक मुलांचे बालगृह सुरू झाले. रंगरंगोटीचा खर्च वाचवायच्या हिशेबातून जगातील एक मोठी शिक्षणपद्धती जन्माला आली, याचे मला नेहमी हसू येते.

मागासलेल्या मुलांसाठी घडवलेली साधने आता या मुलांपुढे आली. लाकडी ठोकळ्यात दहा भोके आणि त्यांत बसणाऱ्या दहा दट्ट्या. एक चुकीच्या भोकात गेली की शेवटी एक उरते. शिक्षिकेने चूक दाखवायची गरजच नाही, ठोकळाच सांगतो. तीन वर्षांची एक मुलगी हे काम करण्यात इतकी बुडाली की तिची खुर्ची उचलून मेजावर ठेवली, भोवती इतर मुलांना गाणे म्हणायला लावले, तरी तिचे लक्ष ढळले नाही. तिने तो खेळ चाळीसहून अधिक वेळा केला आणि झोपेतून उठल्यासारखी प्रसन्न होऊन थांबली. एके दिवशी शिक्षिकेला यायला उशीर झाला. कपाटाला कुलूप लावायचे राहून गेले होते. मुलांनी आपापल्या आवडीची साधने काढली आणि कामाला लागली. शिक्षिकेला ती चोरी वाटली. माँटेसरींनी मोठी कपाटे काढून टाकून मुलांच्या हाताला येतील अशी ठेंगणी, उघडी फडताळे बसवली.

लाकडी अक्षरे इथे परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी खरखरीत कागदातून अक्षरे कापून गुळगुळीत पुठ्ठ्यावर चिकटवली. पैशाच्या अडचणीतून निघालेला हा मार्ग मूळ साधनाहून सरस ठरला, कारण बोट अक्षरावरून घसरले की स्पर्शच सांगे, वाट सुटली. मुले डोळे मिटूनही अक्षरे ओळखू लागली. मग डिसेंबरातल्या एका उबदार दिवशी गच्चीवर त्यांनी एका पाच वर्षांच्या मुलाला खडू देऊन समोरचे धुराडे काढायला सांगितले. त्याने फरशीवर ते काढले. कौतुक होताच तो क्षणभर थांबला, आणि एकदम हात हा शब्द लिहिला, मग धुराडे, मग छप्पर. लिहायला येते, लिहायला येते, असा त्याचा आरडाओरडा ऐकून बाकीची मुले धावली आणि खडू मागू लागली. त्यांना लिहायला असे कोणी शिकवलेच नव्हते. चार वर्षांच्या मुलाला पहिल्या तयारीपासून पहिल्या शब्दापर्यंत महिना-दीड महिना लागे, अशी नोंद माँटेसरींनी केली आहे. इटालियन भाषा जशी उच्चारावी तशी लिहिली जाते, हेही यामागे आहे, हे विसरू नये.

१९०९ साली त्यांचे पुस्तक निघाले, १९१२ साली त्याचे इंग्रजी भाषांतर झाले आणि कीर्ती जगभर पसरली. १९१५ साली सान फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात काचेच्या भिंतींचा एक वर्ग मांडला गेला; लोक बाहेर उभे राहून आत काम करणारी मुले पाहत. शाळा निघाल्या, पण बहुतेक ऐपतदारांच्या. साधने महाग झाली. ज्या मुलांपासून सारे सुरू झाले ती पुन्हा मागेच राहिली. माँटेसरी स्वतःही त्यांच्याकडे परतल्या नाहीत, ही माझी त्यांच्याबद्दलची खरी तक्रार आहे. आणखी एक तक्रार म्हणजे मुसोलिनी. १९२४ पासून त्याच्या राजवटीचा पाठिंबा त्यांनी स्वीकारला. शाळा वाढाव्यात म्हणून स्वीकारला असेल, पण स्वीकारला. मुलांना सैनिकी साच्यात बसवण्याचा आग्रह वाढला तेव्हा, १९३४ साली, त्यांनी संबंध तोडले. इटली आणि जर्मनीतील त्यांच्या शाळा बंद पडल्या. १९३६ साली स्पेनमध्ये यादवी पेटल्यावर बार्सिलोनाही सोडावे लागले आणि त्या हॉलंडला गेल्या.

तिथून १९३९ साली, एकोणसत्तराव्या वर्षी, त्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मद्रासजवळ अड्यारला आल्या. काही महिन्यांचा मुक्काम ठरला होता. तीनशेच्या वर शिक्षक-शिक्षिका जमल्या. झावळ्यांच्या मांडवात मारिओ आईच्या इटालियन व्याख्यानांचे इंग्रजी करून सांगत. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरला आणि ही आई-मुले शत्रुराष्ट्राची नागरिक ठरली. बाईंना अड्यारच्या आवारात राहू दिले, पण मारिओंना अटक करून आपल्या अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, छावणीत ठेवले गेले. हे वाचून मी पुस्तक मिटून बसून राहिले. नगर आमच्यापासून दोन तासांवर आहे. ३१ ऑगस्टला, आईच्या सत्तराव्या वाढदिवसाची भेट म्हणून, व्हाइसरॉयने मारिओंची सुटका केली. सरकारी तारेत त्यांचा उल्लेख मुलगा असा होता. बेचाळीस वर्षे जे उघड म्हणता आले नव्हते ते परक्या सरकारच्या तारेने म्हणून टाकले.

युद्ध संपेपर्यंत त्या इथेच राहिल्या, १९४६ साली युरोपला गेल्या आणि पुन्हा आल्या. पण त्यांच्या आधीच त्यांची पद्धत आपल्याकडे आली होती. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले. ताराबाई मोडक १९२३ साली तिथे गेल्या. ताराबाईंनी पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे अनुताई वाघांच्या साथीने जे केले, ते मला माँटेसरींच्या नंतरच्या कामापेक्षा त्यांच्या सुरुवातीच्या कामाच्या अधिक जवळचे वाटते. परदेशी साधनांच्या पेट्या परवडत नव्हत्या, तेव्हा शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने झाली. वारली मुले शाळेत येत नव्हती, तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. माझी मावशी या परंपरेतली. पॉलिशपेपर तिने गावातल्या सुताराकडून उरलेला आणला होता.

ज्या १८९६ साली माँटेसरी डॉक्टर झाल्या, त्याच वर्षी प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरने चौदा वर्षांच्या एका हुशार मुलाची हकीगत प्रसिद्ध केली होती. त्या मुलाला वाचन काही केल्या जमत नव्हते. आज अशा अडचणीला अध्ययन-अक्षमता म्हणतात, आणि २०१६ च्या कायद्याने आपल्या देशातही तिला मान्यता दिली आहे. माँटेसरींची मुले सगळी या प्रकारची नव्हती, आणि खरखरीत अक्षरांनी ही अडचण बरी होते असेही नाही. माझा भाऊ आजही सावकाश वाचतो. इतिहासाचे धडे तो मोबाइलवर ऐकतो. मोबाइल वाचतो आणि तो ओळीखाली बोट फिरवत जातो. वर्गातल्या तंत्रज्ञानावर मागच्या महिन्यात आपल्या महाविद्यालयात चर्चा झाली. तीत संगणक आणि पडदे यांखेरीज काही बोलले गेले नाही. मला मात्र सारखा तो दहा दट्ट्यांचा ठोकळा आठवत होता.

६ मे १९५२ रोजी हॉलंडमधील नूर्डवाइक या समुद्रकाठच्या गावी माँटेसरी वारल्या. त्या दिवशीही आफ्रिकेतील घानाला जाऊन शिक्षक तयार करण्याचा विषय त्या मारिओंशी बोलत होत्या, तेव्हा त्या ८१ वर्षांच्या होत्या. त्यांना तिथेच पुरले. १९९० साली इटलीने हजार लिऱ्यांच्या नोटेवर त्यांचा चेहरा छापला; २००२ साली युरो आला आणि ती नोट गेली.

मावशीचा पत्र्याचा डबा आमच्याकडेच राहिला. भावाने त्यातली अक्षरे आता शेजारच्या मुलीला दिली आहेत. पहिल्या वेलांटीचा पुठ्ठा मात्र मला नवा करावा लागला; जुन्यावरची सगळी रेती झिजून गेली होती.